फुलामुलांचे कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या धर्मग्रामातील अनेकांना ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आठवत असेल. माणसाने घायाळ केलेली एक पक्षीण पडत-उठत आपल्या पिलांच्या घरट्याकडे जाते आणि मरतानाही तिला चिंता असते ती पिलांची. ती कविता पाठ म्हणताना वर्गात एखादी मुलगी तरी रडायचीच. कविता पुष्कळांना ठाऊक आहे, पण ती लिहिणारे कवी प्रभू येशूचे भक्त आणि पाळक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. महाराष्ट्राने त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले. रोजच्या पाहण्यातल्या साध्या गोष्टींचे सौंदर्य न्याहाळणे ही त्यांची भक्ती होती. या रविवारी त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवावे असे आम्हाला वाटले, ते त्यासाठीच.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. म्हणजे ते आपल्याच कोकणपट्टीचे. आपण उत्तर टोकाला, ते दक्षिणेकडचे. पावसाळ्यात हिरवे होणारे डोंगर, भातखाचरे, वहाळ हे सारे त्यांनी लहानपणी पाहिले. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने फार तापट होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. आई गेली तेव्हा नारायण अजून लहानच होता. आईवर त्याचा विलक्षण जीव होता. ती गेल्यावर घरात मन रमेना, म्हणून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वान गुरूंकडे त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. पुढे आपल्या भजनांतून ते प्रभू ख्रिस्ताला वारंवार आई म्हणून हाक मारतात. त्या हाकेत हे पोरके मूल आहे असे आम्हाला वाटते.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूर गावची मनू गोखले, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. लग्नानंतरचे तिचे नाव लक्ष्मी. तिच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचे भयंकर वेड होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही आणि शिवाशिवीच्या धाकात पोरांचा जीव मेटाकुटीला यायचा. जगातली प्रत्येक वस्तू विटाळलेली आहे असे मानणाऱ्या घरातून ही मुलगी आली आणि तिची गाठ पडली ती वाटेवरच्या क्षुल्लक फुलापुढे देहभान विसरणाऱ्या माणसाशी!

टिळकांचा संसार कधी एका जागी टिकला नाही. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कुठल्याशा मासिकाचे संपादक. मनात आले की ते घरात कोणाला न सांगता निघून जात, पायी भटकत आणि महिन्यांनी परत येत. पैसा हातात ठरत नसे. कोणी मागितला की दिला, न मागताही दिला. राग नाकाच्या शेंड्यावर, पण तो ओसरला की लहान मुलासारखे पश्चात्तापाने विरघळत. नागपूरला श्रीमंत आश्रयदाते अप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. वेदशास्त्रे वाचली, वादविवाद केले, मूर्तिपूजेवर विचार केला, जातिभेद सोडून देशाचे कसे भले होईल याची चिंता केली. मनाला शांती मात्र मिळाली नाही.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट त्यांनी कधी सोडली नाही, ती म्हणजे पाहणे. ‘वनवासी फूल’ या त्यांच्या दीर्घ कवितेत कवी रानातल्या एका फुलाशी बोलतो. ते फूल कोणाच्या बागेत नाही, कोणी ते देवाला वाहणार नाही, कोणी वेणीत माळणार नाही. तरीही ते फुलले आहे. आपल्यापैकी किती जण अशा फुलाजवळ थांबले असते? आणि थांबलो तरी त्याला काही विचारावे असे आपल्याला सुचले असते का? टिळक थांबले. तेव्हा ते ख्रिस्ती झालेले नव्हते. परंतु ज्या देवाने ते फूल निर्माण केले त्याच्याशीच ते बोलत होते, असे म्हणायला आम्हाला काही अडचण वाटत नाही.

१८९३ साली ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. आगगाडीच्या डब्यात त्यांची एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. कवितेवरून बोलणे सुरू झाले आणि धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. आपल्यातील कितीतरी जण पहाटेच्या अंधारात वाणगाव स्टेशनवर गाडी पकडतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. डब्यात समोर बसलेला माणूस कोण असतो, आपल्या दोन शब्दांचे पुढे काय होते, हे आपल्याला ठाऊक नसते.

टिळक पुस्तक वाचू लागले ते केवळ दिलेला शब्द पाळायचा म्हणून. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. इतकी वर्षे जे शोधत होतो ते या पानांत आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्याच प्रवचनाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या शिष्यांना आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे पाहायला सांगतो. पाखरे पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत. फुले कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत, तरी शलमोन राजाच्या वैभवापेक्षा त्यांचा पोशाख सुंदर असतो. आपण हा उतारा मिस्सामध्ये इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानांवरून जातो. यात प्रभूने पाहण्याची आज्ञा दिली आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. दान करा, क्षमा करा, प्रार्थना करा या आज्ञा आपण मोजतो. फुलांकडे पाहा ही आज्ञा मोडली म्हणून पापनिवेदनाला कोणी आलेले आम्ही तरी ऐकलेले नाही! फुलाशी बोलणाऱ्या कवीला मात्र आपल्यासारखाच रानाकडे बोट दाखवणारा गुरू त्या पानांत भेटला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हा दिवस किती महाग पडला याची कल्पना आज करणे कठीण आहे. जात गेली, नातेवाईक तुटले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सर्वांत मोठा घाव बसला तो लक्ष्मीबाईंना. कडेवर लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि समाजात तोंड दाखवायची सोय नाही. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने त्यांनी सुमारे पाच वर्षे काढली. दोघांची पत्रे जात-येत राहिली. टिळकांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. त्या अहमदनगरला परत आल्या तेव्हा त्यांच्या सोवळ्याची वेगळी सोयही करून दिली. लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने पालटले. कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या आणि १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक खुलासा करायला हवा. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते. त्यांचे कार्य अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती त्याच मंडळीत. एके काळी एवढ्याच कारणासाठी आपण त्यांच्याविषयी या पत्रकात लिहिले नसते. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला विभक्त झालेल्या बांधवांकडे आदराने पाहायला शिकवले. मराठी ख्रिस्ती माणूस अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर प्रभूचे भजन करतो, त्यात टिळकांचा वाटा फार मोठा आहे. संत तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी ज्ञानेश्वर-तुकाराम टाकून दिले नाहीत की आपली मराठी भाषा टाकली नाही. हातात टाळ घेऊन त्यांनी येशूचे कीर्तन केले.

अहमदनगरचे दिवस सुखाचे नव्हते. १८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्यात गावेच्या गावे उपाशी मेली. त्याच्या पुढेमागे प्लेग. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची रीघ लागली होती. टिळक पतिपत्नींनी त्यातली काही आपल्या घरात घेतली आणि पोटच्या पोरांसारखी वाढवली. फुलांकडे पाहणारा माणूस मुलांकडेही त्याच नजरेने पाहत होता. हाडांचा सापळा झालेल्या, अंगावर खरूज आलेल्या पोरात त्याला देवाचे लेकरू दिसत होते. ‘फुलामुलांचे कवी’ हे नाव ऐकायला गोड वाटते. त्यातली मुले कोणती होती, हे मात्र आपण विसरू नये.

आणखी एक मूल त्यांच्या घरी आले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्याचे नाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराची कविता ऐकून त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. निर्झर, पाखरे, श्रावणातले ऊन-पाऊस यांवरच्या बालकवींच्या कविता आज मराठी माणसाच्या तोंडी आहेत. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट टिळकांनी घातली नाही. तो हिंदूच राहिला आणि घरातलाच राहिला. १९१८ साली जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा ते अजून तिशीचेही नव्हते.

आता एक शंका. ज्याच्या घरात धान्य आहे त्याने फुले पाहावीत. ज्याला उद्याची चिंता आहे त्याला हे कसे जमावे? आपल्या पाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, घराला कुलूप लागते, मुलांची शाळा सुटते. तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते, सूर्योदय नको असतो. शंका खरी आहे. टिळक काही श्रीमंत नव्हते. मिशनचा तुटपुंजा पगार, त्यातही निम्मा वाटून टाकलेला. त्यांचे पाहणे भरल्या पोटाचे नव्हते, एवढे उत्तर आपण देऊ शकतो. पण ते अर्धेच उत्तर झाले. उरलेले उत्तर लक्ष्मीबाईंकडे आहे. कवी फुलात रमला की चूल कोणी पेटवायची? पाहुणे घेऊन आला की त्यांच्या पानात काय वाढायचे? दिलेले पैसे दुसऱ्यालाच देऊन रिकाम्या हाताने घरी आला की दुकानदाराला तोंड कोणी द्यायचे? टिळकांच्या भक्तीची किंमत बराच काळ त्यांच्या पत्नीने मोजली आणि चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मात्र नवल असे की त्या घरात पाहण्याची देणगी एकट्या टिळकांना नव्हती. टिळकांनी लक्ष्मीबाईंना लिहावाचायला शिकवले. शाळेत न गेलेल्या या बाईने पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. १९३४ ते १९३६ या काळात ते भागांनी प्रसिद्ध झाले आणि आजही मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्यात स्वयंपाकघर आहे, भांडणे आहेत, फजित्या आहेत, उपास आहेत. आणि त्या सगळ्याकडे हसत पाहणारी एक नजर आहे. नवऱ्याने फुले पाहिली, बायकोने घर पाहिले. ज्यांना रानात जाऊन फूल पाहायला सवड नाही, त्या आमच्या माताभगिनींना लक्ष्मीबाई अधिक जवळच्या वाटतील.

आपण तर अशा भागात राहतो की पाहायला कोठे जावे लागत नाही. मिरचीचे मळे बाहेरची माणसे फोटो काढायला थांबून पाहतात, आपण त्यांत वाकून तोडणी करतो. मिरचीचे फूल पांढरे, बारीक आणि खाली मान घातलेले असते. चिकूचे फूल पानांच्या आड इतके लपते की वाडीत जन्म काढलेल्यालाही ते चटकन दाखवता येत नाही. भाताचे फूल तर सकाळी थोडा वेळच उघडते आणि मिटते, आणि त्याच थोड्या वेळात आपल्या वर्षभराच्या भाकरीची सोय होते. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे असताना यातले काही आठवणार नाही, हे आम्हाला कळते. पण भात फुलोऱ्यावर आले की बांधावर क्षणभर थांबता येते.

वारली घरांतल्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते. लग्नघरी कुडाची भिंत गेरूने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. त्यात झाडे असतात, पाखरे असतात, पाणी भरणाऱ्या बाया असतात. रोज डोळ्यांपुढे असलेले सारे त्या पवित्र चौकाच्या आत-बाहेर मांडले जाते. आपल्या शेजारच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. जगाने त्या चित्रांना कला म्हटले. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी ती मंगलकार्यातली एक जबाबदारी होती.

आपल्या ख्रिस्तसभेतही हे नवे नाही. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक तुकडा न लावता तसाच सोडायला सांगत, कारण तेथे रानफुले उगवावीत आणि पाहणाऱ्याचे मन निर्माणकर्त्याकडे जावे. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ही आठवण मुद्दाम सांगितली आहे. आपल्या परसात एक हात जमीन अशी सोडायला काही खर्च येत नाही. रात्री जपमाळ झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने आज काय सुंदर पाहिले ते एका वाक्यात सांगावे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. मुलांना हे लगेच जमते. मोठ्यांना पहिले काही दिवस काहीच आठवत नाही.

टिळकांच्या आयुष्याची अखेरची वर्षे पुन्हा उलथापालथीची ठरली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी काढली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, पण येशूवर प्रेम करणारे, असे सर्व त्यात बंधू म्हणून एकत्र यावेत, असा त्यांचा मनसुबा होता. त्यांच्या जवळच्या माणसांनाही हा मार्ग पटला नाही आणि आपल्या शिकवणुकीप्रमाणे आपणही त्याला पूर्ण संमती देणार नाही. त्या कामाला आकार येण्यापूर्वीच त्यांची प्रकृती खालावली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या टेबलावर एक मोठे काम अपुरे राहिले होते. प्रभू येशूचे सबंध जीवन मराठी काव्यात गाण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. दहा अध्याय झाले होते आणि अकरावा अर्ध्यावर होता. ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी पुढे घेतले आणि राहिलेले चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले.